कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विद्यार्थ्यांनी काय आणि कसे वाचावे : ठाणे-नवी मुंबईतील महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांतील संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता विभागांचे प्रमुख, तसेच ग्रंथपाल यांस,

विषय : कृत्रिम बुद्धिमत्ता शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वाचनाची शिफारस

महोदय / महोदया,

सादर नमस्कार.

कोपरीपासून खारघरपर्यंतच्या आपल्या महाविद्यालयांमध्ये गेल्या काही वर्षांत ‘एआय अँड डेटा सायन्स’ किंवा ‘एआय अँड एमएल’ अशा नावांच्या शाखा सुरू झाल्या आणि प्रवेशाच्या वेळी पालक सर्वांत आधी त्यांचीच चौकशी करू लागले. मी राहते ठाण्यात आणि नोकरी करते महापे येथील एका सॉफ्टवेअर कंपनीत. नव्या पदवीधरांच्या मुलाखती घेण्याचे काम तेथे माझ्याकडे असते आणि अधूनमधून शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी बाह्य परीक्षक म्हणूनही मला बोलावले जाते. या मुलामुलींच्या हुशारीबद्दल किंवा कष्टांबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पायथन या संगणकभाषेतील तयार लायब्ररी घेऊन एखादे मॉडेल, म्हणजे डेटावरून शिकून उत्तर देणारा प्रोग्रॅम, उभे करणे त्यांना सहज जमते. मात्र त्या मॉडेलच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा आणि कशाच्या आधारावर ठेवायचा, असे विचारले की बहुतेकांकडे ऐकीव माहिती असते, वाचलेले काही नसते. व्हिडिओ पाहिलेले असतात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘लोकल ऑथर’ची, म्हणजे स्थानिक लेखकांची परीक्षेपुरती पुस्तके चाळलेली असतात आणि अलीकडे चॅटबॉटकडून सारांश करून घेतलेले असतात. मूळ पुस्तकाचे एखादे प्रकरण पेन्सिल हातात घेऊन, अडलेल्या ओळीपाशी थांबत, शेवटपर्यंत वाचलेला विद्यार्थी विरळाच भेटतो. हे पत्र तेवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

याचा दोष मुलांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाच्या शेवटी टेक्स्ट बुक्स आणि रेफरन्स बुक्स अशा दोन याद्या छापलेल्या असतात आणि त्यांतील नावे बहुधा योग्यच असतात. परंतु कोणते पुस्तक आधी उघडावे, त्यातील कोणती प्रकरणे या सेमिस्टरला पुरेशी आहेत, कोणती पुढच्या वर्षासाठी ठेवावीत आणि कोणती सोडली तरी चालतील, हे त्या याद्या सांगत नाहीत. स्टुअर्ट रसेल आणि पीटर नॉर्विग यांच्या ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स : अ मॉडर्न ॲप्रोच’ या पुस्तकाची २०२० मधील चौथी आवृत्ती अकराशेहून अधिक पानांची आहे. सेमिस्टरच्या चार महिन्यांत इतर विषय, प्रात्यक्षिके, जर्नल आणि मिनी प्रोजेक्ट सांभाळून एवढे पुस्तक कोणी वाचू शकत नाही, आणि सगळे वाचता येणार नाही म्हणून ते उघडलेच जात नाही. म्हणून माझी विनंती अशी आहे की आपण विद्यार्थ्यांना मोजकी पुस्तके द्यावीत, त्यांचा क्रम लावून द्यावा, प्रकरणे नेमून द्यावीत, ग्रंथालयात पुरेशा प्रती ठेवाव्यात आणि वाचनासाठी वेळापत्रकात जागा करावी.

या क्रमाची सुरुवात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पुस्तकाने न करता गणिताच्या पुस्तकाने करावी, असे माझे ठाम मत आहे. आपले विद्यार्थी ‘एम-थ्री’ आणि ‘एम-फोर’ हे गणिताचे पेपर उत्तीर्ण झालेले असतात. तीन बाय तीन मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू त्यांनी परीक्षेत काढलेल्या असतात. पण शेकडो स्तंभांचा डेटा मोजक्या अक्षांवर आणण्यासाठी प्रिन्सिपल कंपोनंट ॲनालिसिसची जी पद्धत ते प्रकल्पात वापरतात, तिच्या मुळाशी त्याच आयगेन व्हॅल्यू आहेत, हा दुवा त्यांना कोणी जोडून दिलेला नसतो. मार्क डायझनरोथ, आल्डो फैसल आणि चेंग सून ऑन्ग यांचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘मॅथेमॅटिक्स फॉर मशीन लर्निंग’ हे पुस्तक नेमका हाच दुवा जोडते. त्याच्या पहिल्या भागात रेषीय बीजगणित, मॅट्रिक्सचे विघटन, अनेक चलांचे कलनशास्त्र, संभाव्यता आणि ऑप्टिमायझेशन आहे, आणि दुसऱ्या भागात त्याच गणिताच्या आधारे रिग्रेशनपासून सपोर्ट व्हेक्टर मशीनपर्यंतच्या पद्धती बांधून दाखवल्या आहेत. दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याने दुसऱ्या प्रकरणापासून सातव्यापर्यंतची प्रकरणे उदाहरणे सोडवत वाचली, तर पुढच्या दोन वर्षांतील कोणत्याही विषयात त्याला चिन्हांची भीती वाटणार नाही. ज्यांना रेषीय बीजगणित मुळातच कच्चे वाटते, त्यांनी एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवरील गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्याने सोबतीला घ्यावीत. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र पेपर सुरू झाला आहे आणि त्याच्या अभ्यासक्रमातही संभाव्यता, संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कलनशास्त्र व ऑप्टिमायझेशन यांना मोठे स्थान आहे, त्यामुळे परीक्षेच्या दृष्टीनेही हे श्रम वाया जाणारे नाहीत.

संख्याशास्त्राच्या वाचनाबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेत जी गोष्ट मला सर्वाधिक खटकते, तिचे उत्तर या वाचनात आहे. विद्यार्थ्यांच्या ‘ब्लॅक बुक’मध्ये, म्हणजे बांधलेल्या प्रकल्प-अहवालात, अचूकतेचा आकडा नव्वदच्या वर, अनेकदा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के असतो. तो कसा आला याची चौकशी केली की कळते, की उपयुक्त स्तंभ निवडण्याचे काम आधी संपूर्ण डेटावर केलेले असते आणि चाचणीसाठीचा भाग त्यानंतर वेगळा काढलेला असतो. म्हणजे ज्या प्रश्नपत्रिकेवर परीक्षा घ्यायची, तिची उत्तरे मॉडेलने आधीच पाहिलेली असतात. ट्रेव्हर हेस्टी, रॉबर्ट तिबशिरानी आणि जेरोम फ्रीडमन यांच्या ‘द एलिमेंट्स ऑफ स्टॅटिस्टिकल लर्निंग’ या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात याच चुकीवर एक प्रयोग दिला आहे. पन्नास नमुने आणि पाच हजार चलांचा डेटा त्यांनी घेतला, ज्यात चलांचा आणि उत्तरांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. अशा डेटावर कोणतीही पद्धत वापरली तरी खरी चूक ५० टक्केच असणार. परंतु उत्तराशी सर्वाधिक जुळणारी शंभर चले आधी संपूर्ण डेटावरून निवडली आणि मग क्रॉस व्हॅलिडेशन केले, म्हणजे डेटाचा एकेक भाग आळीपाळीने बाजूला ठेवून त्यावर चाचणी घेतली, तेव्हा चूक सरासरी केवळ ३ टक्के दिसली. जेथे शिकण्यासारखे काहीच नव्हते, तेथे ९७ टक्के अचूकता मिळाली! ही दोन-तीन पाने ज्याने वाचली आहेत, तो आपल्याच प्रकल्पातील चमकदार आकड्याकडे संशयाने पाहू लागतो, आणि माझ्या अनुभवात चांगल्या अभियंत्याची ती पहिली खूण असते.

संपूर्ण ‘एलिमेंट्स’ पदवीच्या विद्यार्थ्याला जड जाईल. त्याच परंपरेतील ‘ॲन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग’ हे पुस्तक त्याच्यासाठी लिहिलेले आहे. २०१३ ची पहिली आवृत्ती ‘आर’ भाषेतील उदाहरणांची होती, २०२३ मध्ये पायथनमधील उदाहरणांची आवृत्ती आली आणि आपल्या प्रयोगशाळांमध्ये पायथनच शिकवले जात असल्याने ती सोयीची आहे. दुसरे, तिसरे आणि पाचवे ही तीन प्रकरणे, म्हणजे बायस-व्हेरियन्सचा (अतिसोप्या आणि अतिलवचिक मॉडेलांच्या चुकांमधला) तोल, रिग्रेशन आणि रिसॅम्पलिंग (त्याच डेटातून पुन्हापुन्हा नमुने घेऊन तपासणे), प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सक्तीची असावीत. बाकीची प्रकरणे प्रकल्पाच्या गरजेप्रमाणे वाचली तरी चालतील.

यानंतर रसेल-नॉर्विग यांच्याकडे वळावे. त्यातील एजंटची, म्हणजे परिस्थिती पाहून कृती निवडणाऱ्या प्रणालीची संकल्पना, शोधपद्धती आणि अनिश्चिततेत तर्क करण्याची प्रकरणे वाचावीत. ‘हे जुने झाले, आता सगळे न्यूरल नेटवर्कच करते’ असे अनेक विद्यार्थी मला सांगतात. २०१६ मध्ये ‘गो’ या पटावरील खेळात अव्वल खेळाडू ली सेडॉल यांना चार विरुद्ध एक डावांनी हरवणाऱ्या अल्फागो या प्रोग्रॅममध्ये न्यूरल नेटवर्कच्या जोडीला वृक्षशोध, म्हणजे पुढच्या संभाव्य चालींच्या फांद्या तपासण्याची पद्धत, होती, हे त्यांना माहीत नसते. शोधपद्धतींसाठी आयआयटी मद्रासचे प्राध्यापक दीपक खेमानी यांचे ‘अ फर्स्ट कोर्स इन आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे २०१३ चे पुस्तक मला अधिक निवांत आणि समजावून सांगणारे वाटते, आणि ते भारतीय वर्गखोलीचा विचार करून लिहिलेले असल्याने ग्रंथालयात त्याच्या अधिक प्रती असाव्यात असे मी सुचवते. रीइन्फोर्समेंट लर्निंगसाठी, म्हणजे बक्षीस-शिक्षेतून शिकण्याच्या पद्धतीसाठी, रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांचे पुस्तक निर्विवाद आहे. त्याची २०१८ ची दुसरी आवृत्ती घ्यावी. या दोघांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आहे.

डीप लर्निंगसाठी, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कसाठी, इयन गुडफेलो, योशुआ बेंजिओ आणि ॲरन कोरविल यांचे २०१६ चे पुस्तक बहुतेक याद्यांमध्ये आहे. त्याची सहावे ते आठवे ही प्रकरणे आजही उत्तम आहेत, पण आजच्या चॅटबॉटच्या मुळाशी असलेली ट्रान्सफॉर्मर ही न्यूरल नेटवर्कची रचना २०१७ मध्ये आली आणि त्यामुळे ती त्या पुस्तकात नाही. केवळ तेच पुस्तक नेमले तर विद्यार्थी आजच्या भाषा-मॉडेलांच्या उंबरठ्यापाशीच थांबतो. सायमन प्रिन्स यांचे २०२३ मधील ‘अंडरस्टँडिंग डीप लर्निंग’ ही उणीव भरून काढते. त्यातील आकृत्या इतक्या विचारपूर्वक काढलेल्या आहेत की गणिताला बिचकणाऱ्या विद्यार्थ्यानेही आधी आकृत्या वाचाव्यात आणि मग समीकरणांकडे जावे. एनपीटीईएल या आयआयटींच्या मोफत ऑनलाइन व्याख्यानमालेतील बलरामन रवींद्रन यांची मशीन लर्निंगची आणि मितेश खाप्रा यांची डीप लर्निंगची व्याख्यानेही मी नेहमी सुचवते. माझा आग्रह एवढाच असतो की प्रकरण आधी वाचावे आणि व्याख्यान नंतर ऐकावे, कारण नेमके काय अडले हे ठाऊक असलेला विद्यार्थीच व्याख्यानातून ते उचलतो.

आता मूळ शोधनिबंधांविषयी. पदवीच्या विद्यार्थ्यांना ते झेपणार नाहीत, असे काही प्राध्यापक मला म्हणाले आहेत आणि त्यांच्या अनुभवाचा आदर राखूनही मी याबाबत असहमत आहे. ॲलन ट्युरिंग यांचा १९५० चा ‘कम्प्युटिंग मशिनरी अँड इंटेलिजन्स’ हा निबंध ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात आला. त्यात समीकरणे जवळजवळ नाहीतच. यंत्र विचार करू शकते का, या धूसर प्रश्नाऐवजी तपासता येईल असा प्रश्न कसा मांडायचा, हे त्यात शिकायला मिळते. विरोधकांचे नऊ आक्षेप ट्युरिंग यांनी स्वतःच मांडून त्यांना उत्तरे दिली आहेत, आणि शेवटच्या भागात मुलासारखे शिकत जाणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली आहे. डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांचा बॅकप्रोपगेशनवरील, म्हणजे चूक मागे पोहोचवून नेटवर्कला शिकवण्याच्या पद्धतीवरील, १९८६ चा निबंध ‘नेचर’मध्ये अवघ्या चार पानांत छापलेला आहे. कलनशास्त्रातील चेन रूल येणाऱ्या विद्यार्थ्याला तो कळतो. ज्या पद्धतीवर आजची सगळी प्रचंड मॉडेले शिकतात, ती चार पानांत, तिला सर्वदूर पोहोचवणाऱ्यांच्याच शब्दांत वाचण्याचा आनंद आपण मुलांपासून का हिरावून घ्यावा?

भाषा-मॉडेलांचा इतिहास तर वाचनाची उत्तम साखळीच आहे. १९१३ मध्ये आंद्रेय मार्कोव्ह यांनी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्यातील वीस हजार अक्षरे घेऊन स्वरानंतर स्वर आणि स्वरानंतर व्यंजन किती वेळा येते, याची हाताने मोजणी केली. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात अक्षरांच्या आणि शब्दांच्या वारंवारतेवरून इंग्रजीसारखा दिसणारा मजकूर तयार करून दाखवला. २००३ मध्ये बेंजिओ आणि सहकाऱ्यांनी पुढचा शब्द ओळखण्याचे काम न्यूरल नेटवर्ककडे दिले आणि २०१७ मध्ये आशीष वासवानी व त्यांच्या सात सहलेखकांनी ट्रान्सफॉर्मर मांडला. या चारही टप्प्यांमागे प्रश्न एकच आहे : आतापर्यंतचे पाहून पुढचे काय येईल? हा धागा हाती लागला की चॅटबॉट हा चमत्कार वाटेनासा होतो आणि त्याच्या मर्यादाही समजू लागतात. या साखळीला सोबत म्हणून डॅनियल ज्युराफ्स्की आणि जेम्स मार्टिन यांच्या ‘स्पीच अँड लँग्वेज प्रोसेसिंग’च्या तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा ठेवावा. एन-ग्रॅमवरील, म्हणजे लागोपाठ येणाऱ्या शब्दांच्या मोजणीवरील, प्रकरण त्यात फार सोपे करून लिहिले आहे.

येथे आपल्याच भाषेचा एक प्रयोग सुचवते, जो ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या वर्गातच शोभेल. मार्कोव्ह यांची मोजणी विद्यार्थ्यांनी मराठी मजकुरावर करून पाहावी. पहिल्याच तासाला प्रश्न उभा राहील की मोजायचे एकक कोणते. ‘क्षि’ हे आपण एक अक्षर म्हणून वाचतो, पण युनिकोड या संगणकाच्या लिपी-संकेतप्रणालीमध्ये ते क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशा चार चिन्हांनी बनते, आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने त्या एका अक्षराला बारा बाइट लागतात. साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून घडवलेले टोकनायझर, म्हणजे मॉडेलसाठी मजकुराचे तुकडे पाडणारे प्रोग्रॅम, मराठी वाक्याचे इतके तुकडे का करतात, हे या एका प्रयोगातून जितके स्पष्ट होईल तितके चार व्याख्यानांतून होणार नाही. पुढचा प्रश्न प्रत्ययांचा येतो. ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ हे लिहिताना एकच पद आहे, पण त्यात घर, समोर, संबंध दाखवणारा प्रत्यय, विभक्ती आणि अव्यय असे सगळे एकत्र बांधलेले आहे. सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे बदलणारे रूप (घर-घरा), म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही, तो मराठीसाठी चांगला टोकनायझर किंवा शोधयंत्र कसे लिहिणार?

म्हणून माझ्या यादीत एक नाव असे आहे, जे पाहून आपल्याला कदाचित आश्चर्य वाटेल. ते म्हणजे मोरो केशव दामले यांचे १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. त्यातील शब्दविचाराची प्रकरणे संगणकाच्या विद्यार्थ्याने वाचली, तर एखादा नियम कसा मांडावा, त्याचे अपवाद कसे नोंदवावेत आणि आधीच्या वैयाकरणांची मते कशी तपासावीत, याचा वस्तुपाठच मिळतो. आपल्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय चालू आहे. ज्या शहराला मराठी वाचनाचा एवढा जुना वारसा आहे, तेथील तंत्रशिक्षणाच्या ग्रंथालयात मराठीचे एक व्याकरण असणे मला अगदी स्वाभाविक वाटते. त्याच्या जोडीला पवईच्या आयआयटी मुंबईत घडलेले मराठी वर्डनेट (अर्थानुसार जोडलेला शब्दकोश) आणि पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने मराठीसाठी खुले केलेले डेटा संच व त्यांवरील निबंध विद्यार्थ्यांना दाखवावेत. मराठीसाठी काम करणारी माणसे हाकेच्या अंतरावर आहेत, ही जाणीवच एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाची दिशा बदलू शकते. परदेशी फुलांचे किंवा हाताने लिहिलेल्या इंग्रजी अंकांचे वर्गीकरण पुन्हापुन्हा करण्यापेक्षा मराठी बातम्यांचे किंवा बोलीतील वाक्यांचे काम त्याला आणि समाजाला जास्त उपयोगी पडेल.

नीतिमत्तेचे वाचन बहुधा शेवटच्या युनिटमध्ये, घाईघाईने उरकले जाते. ते मला सर्वांत आधीच्या सेमिस्टरमध्ये हवे आहे. जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा संवाद करणारा प्रोग्रॅम जगापुढे मांडला, माणसे त्याच्यात किती चटकन गुंतत गेली हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि १९७६ मध्ये त्यांनी ‘कम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ हे पुस्तक लिहिले. यंत्राला जमले तरी कोणती कामे त्याच्यावर सोपवू नयेत, हा त्यांचा प्रश्न आज अधिक तीव्र झाला आहे. जॉय ब्युओलामविनी आणि टिम्निट गेब्रू यांचा २०१८ चा ‘जेंडर शेड्स’ हा निबंध मुलांनी आकड्यांसह वाचावा. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणालींमध्ये गोऱ्या पुरुषांबाबत चुकीचे कमाल प्रमाण ०.८ टक्के होते, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले होते. सरासरी अचूकता चांगली असूनही एखाद्या गटावर अन्याय कसा होतो, हे यातून दिसते. आपल्या देशाचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा प्रकल्पासाठी लोकांची छायाचित्रे किंवा आवाज गोळा करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचायला हवा. तो फार लांबलचक नाही. ऐरोली, रबाळे, महापे या आपल्याच पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. ट्रान्स हार्बरच्या लोकलने ये-जा करणाऱ्या मुलांना एम्मा स्ट्रुबेल आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा, भाषा-मॉडेलांच्या वीजवापरावरील निबंध दिला, तर तो त्यांना दूरचा वाटणार नाही.

पैशांचा प्रश्न या विषयात इतर शाखांइतका अवघड नाही, हेही आपल्या व्यवस्थापनांपर्यंत पोहोचवावे. २००१ मध्ये ‘मशीन लर्निंग’ या नियतकालिकाच्या संपादक मंडळातील चाळीस जणांनी, संशोधन सर्वांना मोफत वाचता यावे यासाठी राजीनामे दिले आणि ‘जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च’ या नव्या, खुल्या नियतकालिकाला पाठबळ दिले. तेव्हापासून या क्षेत्रात खुलेपणाची परंपरा रुजली. अर्काइव्ह हे शोधनिबंधांचे संकेतस्थळ, भाषा-संगणनावरील निबंधांचा एसीएल अँथॉलॉजी हा संग्रह, मशीन लर्निंगच्या न्यूरिप्स परिषदेचे निबंध हे सारे विनामूल्य आहे. वर उल्लेख केलेल्या पुस्तकांपैकी गणिताचे, संख्याशास्त्राची दोन्ही, प्रिन्स यांचे, सटन-बार्टो यांचे आणि ज्युराफ्स्की-मार्टिन यांचा मसुदा लेखकांनी स्वतःच वाचनासाठी खुले ठेवले आहे, आणि गुडफेलो यांचे पुस्तक संकेतस्थळावर वाचता येते. यांपैकी काही वैयक्तिक वापरापुरतीच खुली आहेत, म्हणून त्यांच्या झेरॉक्स काढून विकणे योग्य होणार नाही. त्यामुळे खरेदीचा निधी रसेल-नॉर्विग, खेमानी आणि दामले यांच्या प्रतींसाठी, तसेच गणिताच्या पुस्तकाच्या छापील प्रतींसाठी वापरता येईल. पडद्यावर पाहण्यापेक्षा कागदावर गणित वाचणे बहुतेक मुलांना सोपे जाते. बुक बँकेतून या प्रती संपूर्ण सेमिस्टरसाठी घरी नेऊ द्याव्यात, कारण संदर्भ विभागात बसून तासाभरात वाचण्याची ही पुस्तके नाहीत.

ग्रंथपालांना माझी एक वेगळी विनंती आहे. चॅटबॉटने सुचवलेल्या पुस्तकांची आणि निबंधांची नावे कधीकधी अस्तित्वातच नसतात. लेखक खरा, नियतकालिक खरे, पण निबंध कोणी लिहिलेलाच नाही, असे संदर्भ मी प्रकल्प-अहवालांत पाहिले आहेत. भाषा-मॉडेल शक्यतेच्या आधारे शब्द जुळवते, ग्रंथसूची तपासत नाही, हे त्यामागचे कारण विद्यार्थ्यांना आपणच उत्तम समजावू शकता. अहवाल बांधणीला जाण्यापूर्वी प्रत्येक संदर्भ मुळातून उघडून पाहिल्याची खात्री ग्रंथालयाने करावी, हा नियम सगळ्याच महाविद्यालयांनी स्वीकारण्याजोगा आहे. निबंध कसा वाचावा यासाठी एस. केशव यांचे २००७ मधील ‘हाउ टू रीड अ पेपर’ हे छोटे टिपण छापून वाचनकक्षात लावता येईल. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटे, दुसरीत तासाभरापर्यंत आणि तिसरीत नवशिक्याला चार-पाच तास, अशी तीन फेऱ्यांची पद्धत त्यात सांगितली आहे. एकदा वाचून कळले नाही म्हणून निराश होणाऱ्या मुलांना ते मोठा धीर देते.

आणि शेवटी वेळेचा प्रश्न, जो विभागप्रमुखांच्याच हाती आहे. आठवड्यातून एक तास वाचनासाठी राखून ठेवावा. त्या तासाला प्राध्यापकांनी शिकवू नये, सोबत बसून वाचावे. प्रत्येक विद्यार्थ्याने नेमलेल्या प्रकरणावर एक पान स्वतःच्या हाताने, मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत, लिहावे : काय कळले, काय कळले नाही आणि कोणते विधान पटले नाही. टर्म वर्कच्या गुणांपैकी काही गुण या पानांना द्यावेत आणि तोंडी परीक्षेत निदान एक प्रश्न त्यातून विचारावा. मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजी पुस्तकासमोर दबकून बसतात, पण हेच पान मराठीत लिहिण्याची मुभा मिळाली की किती नेमके प्रश्न विचारतात, हे मी आमच्याकडे प्रशिक्षणासाठी येणाऱ्या मुलांमध्ये पाहिले आहे.

हे सगळे एकाच वेळी करणे कोणत्याही विभागाला कठीण आहे, याची मला कल्पना आहे. येत्या सेमिस्टरला एका तुकडीपुरते सुरू झाले तरी पुरे. माझ्या क्षेत्रातील काही सहकारी आणि मी शनिवारी दुपारी ठाणे ते पनवेल मार्गावरील कोणत्याही महाविद्यालयात, विनामानधन, वाचनगटासोबत बसण्यास तयार आहोत. पहिल्या बैठकीला ट्युरिंग यांचा निबंध घ्यावा. मुलांनी तो आधी एकदा वाचून, न कळलेल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ ओढून आणावा, एवढी एकच पूर्वतयारी असावी. बैठकीची वेळ आणि तुकडीतील मुलांची संख्या आपण ठरवून कळवावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
संगणक क्षेत्रात काम करणारी एक वाचक,
नौपाडा, ठाणे